बलुमचा रकाना

पाक विबिसोनोंच्या, म्हणजे विबिसोनो साहेबांच्या, घरविक्रीच्या ऑफिसात आधी कारभार कसा चालायचा, ते मास गुंतुरच्या, म्हणजे गुंतुरदादाच्या, एका फजितीवरून कळेल. तो एकदा गिऱ्हाईक घेऊन घर दाखवायला गेला, तर आत त्याच्याच ऑफिसातली दुसरी एजंट दुसऱ्याच गिऱ्हाइकाला न्हाणीघर दाखवत उभी. वर दोन्ही गिऱ्हाइकं एकमेकांचे साडू निघाले आणि दोघांनी मिळून भाव पाडला. कुठली किल्ली कुणाकडे, कुणाशी काय बोलणं झालं, हे सगळं ज्याच्या त्याच्या फोनात नाहीतर डोक्यात. आणि गुंतुरच्या डोक्यात किती राहतं, ते अख्ख्या मलांग शहराला ठाऊक.

मग वेनिंग आली. ब्लितारची पोरगी, सव्विशीची, आणि प्रश्न विचारायची भारी खोड. ही किल्ली इथे का? या बाईंना परत फोन कुणी करायचा? कुणीच नाही, तर मग त्या वाट कुणाची बघतायत? लोक तिला बघून चहाला उठायला लागले. शेवटी तिनेच एक सॉफ्टवेअर शोधून काढलं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर बोर्ड लावून टाकला. दर घराचं एक कार्ड. डावीकडे नवी घरं, मधे बलुम, उजवीकडे सुदाह. सुदाह म्हणजे झालं, बलुम म्हणजे अजून नाही. कार्डावर किल्ली कुणाकडे, पुढचा फोन कुणाचा, सगळं लिहिलेलं. साडूंचा प्रकार पुन्हा घडला नाही.

आणखी एक गंमत तिने केली होती. जे कार्ड बलुममध्ये पडून राहील, त्या घराच्या मालकाला दर शुक्रवारी सकाळी फोनवर आपोआप निरोप जायचा, आणि निरोपाखाली नाव असायचं लारस. लारस नावाचं ऑफिसात कुणी नव्हतं. वेनिंगला नाव आवडायचं, दिलं टाकून.

आणि ‘नाही’ असा रकाना बोर्डावर नव्हता. कुणाला तो आठवलाही नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणतं कोण? साठीच्या ब्रह्मचाऱ्याला लग्न झालं का विचारा, तोसुद्धा बलुमच म्हणणार, आणि विचारणाराही मान डोलावून पुढे जाणार.

वेनिंगची नोकरी कच्ची होती. ती पक्की व्हावी एवढाच तिला ध्यास. नाही झाली तर वर्ष संपलं की गाशा गुंडाळून ब्लितार, आणि आईच्या लाँड्रीत इस्त्री. आईवर तिचा जीव होता, इस्त्रीवर नव्हता. पगाराच्या दिवशी ती न चुकता पाक विबिसोनोंच्या टेबलापाशी जायची.

“पाक, माझं झालं का?”

ते चष्मा कपाळावर सरकवून गोड हसायचे. “बलुम, म्बाक.” म्बाक म्हणजे ताई.

अजून नाही म्हणजे होतंय, असं समजून ती पुन्हा जोमाने कामाला लागायची.

एक दिवस पाक विबिसोनोंनीच तिला बोर्डासमोर बोलावलं. बसस्टँडमागच्या एका गल्लीतली लागून लागून असलेली घरं सुराबायाच्या एका बिल्डरला हवी होती. बाकीची सगळी सुदाहमध्ये जाऊन बसली होती. मधलं एक कार्ड मात्र बलुममधून हलायला तयार नव्हतं. मालकीण म्बाह रुक्मी, म्हणजे रुक्मी आजी.

“या आजीबाईंनी इथे बस्तानच मांडलंय,” पाक म्हणाले. “त्या नाही म्हणालेल्या नाहीत. मी बिल्डरला शब्द देऊन बसलोय. एवढं कार्ड हलव, मग तुझंही बघतो.”

एका कार्डावर नोकरी. तिने ते उघडलं आणि लारसचे सगळे निरोप खालपासून वर वाचत गेली.

“सुप्रभात म्बाह. तुमचं घर विकून झालं का?”

“बलुम, बाळ. तू जेवलीस का?”

“धन्यवाद. तुमचं उत्तर नोंदवलं आहे.”

पुढच्या शुक्रवारी तेच. “बलुम. इथे धो धो कोसळतोय, रेनकोट घालून निघ.” “धन्यवाद. तुमचं उत्तर नोंदवलं आहे.” त्याच्या पुढच्या शुक्रवारी, “बलुम. काय गं, बरं नाही का तुला? एकच वाक्य बोलतेस.” “धन्यवाद. तुमचं उत्तर नोंदवलं आहे.”

वेनिंगला हसू आलं आणि मग लाजही वाटली. इतके शुक्रवार एक बाई एका मशीनची विचारपूस करतेय आणि आपल्याला पत्ता नाही. पण त्याहून जास्त तिला कोडं पडलं. हिला घर विकायचं असेल तर अडलंय कशावर? विकायचं नसेल तर इतक्या आनंदाने उत्तरं कशाला देते?

“आजीबाईला लारस सून म्हणून हवी असेल,” मास गुंतुर मागून म्हणाला. “जाऊन सांग, पोरगी दिसायला चौकोनी आहे.”

“तुम्ही गेला होतात कधी तिथे, मास?”

“जायचं कशाला? कार्ड आहे की.”

वेनिंग स्कूटर काढून निघाली. गल्लीच्या तोंडाशीच तळलेल्या तेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचा, वास आला. म्बाह रुक्मीचं घर म्हणजे पुढे तेंपेच्या कुरकुरीत चकत्यांचा छोटा कारखाना आणि मागे दोन खोल्या. बाई सत्तरीच्या, हातात झारा, कढईपुढे ठाण मांडून बसलेल्या. वेनिंगने घरविक्रीच्या ऑफिसातून आले म्हटल्यावर झारा तसाच हवेत राहिला.

“लारस तू?”

“नाही म्बाह. मी वेनिंग.”

“मग लारस कुठाय? आजारी आहे ना? मला वाटलंच.”

खोटं बोलणं सोपं होतं, पण वेनिंगला ते जमलं नाही. “म्बाह, लारस म्हणजे मशीन आहे. ते आपोआप जातं.”

म्बाहने झारा खाली ठेवला आणि पदराने हात पुसले. “मशीन? मग रेनकोट घाल म्हणून सांगितलं ते कुणाला?”

“मला. मी वाचलं ते. जरा उशिरा वाचलं.”

म्बाह आधी रोखून बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. वेनिंगने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चहा झाला, चकत्या झाल्या. म्बाहनी तिची सगळी कुंडली विचारून घेतली. लग्न? बलुम. नोकरी पक्की? बलुम. नंबर कुणी दिला तेही निघालं. जावयाने परस्पर घराची माहिती देऊन टाकली होती. “त्याला दुसऱ्यांची घरं विकायची फार हौस,” म्बाह म्हणाल्या. “लोक विचारतात ना, जेवलात का, आंघोळ झाली का? मला वाटलं तसंच ही पोरगी विचारते, घर विकून झालं का. शहरात नवीन रीत आली असेल.”

“पण म्बाह, मला खरं सांगा. हे बलुम कधीपर्यंत?”

म्बाहनी कढईखालचा गॅस बारीक केला.

“माझे यजमान जहाजावर गेले ते आले नाहीत. लोक विचारायचे, आले का? मी म्हणायचे, बलुम. सुरुवातीला ते खरंच बलुम होतं. पुढे मलाही कळलं होतं आणि विचारणाऱ्यालाही. पण नाही म्हटलं असतं तर दोघांनी पुढे बोलायचं काय? बलुम म्हटलं की माणूस परत विचारायला येतो.”

“आणि घराचं?”

“घर विकायचं नाही. मी मेले तरी नाही,” म्बाह सहज म्हणाल्या, जशा काही चकतीत मीठ कमी आहे म्हणतायत.

“मग तसं लिहायचंत ना.”

“लिहिलं असतं, तर तुझी लारस पुढच्या शुक्रवारी आली असती का?”

निघताना म्बाहनी तिचा नंबर लिहून घेतला आणि चकत्यांची पिशवी तिच्या हातात कोंबली. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा तिला पाक विबिसोनोंचं ते गोड हसू आठवलं, कपाळावर सरकवलेला चष्मा आठवला, आणि त्यांचं दर महिन्याचं बलुम. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा कुठे ती हलली.

ऑफिसात आल्या आल्या तिने बोर्डाला आणखी एक रकाना जोडला. वर लिहिलं, तिदाक. नाही. आणि म्बाह रुक्मींचं कार्ड उचलून त्यात ठेवलं.

“बाप रे,” गुंतुर म्हणाला. “चांगल्या माणसाच्या नावावर हे असलं लिहायचं? शिवी दिल्यासारखं वाटतं.”

“तुमची कार्डं बघा, मास. यातली खरी बलुम किती?”

तो डोकं खाजवत बोर्डापाशी आला. मग एक कार्ड सरकवलं, हळूच, कुणी बघत नाही असं बघून. मग दुसरं. मग दुसरी एजंटही उठली. संध्याकाळपर्यंत बलुमचा रकाना निम्म्याहून जास्त रिकामा झाला. ज्या घरांमागे महिनोन्‌महिने फोन खर्ची पडत होते ती एका बाजूला गेली, आणि ज्यांचे मालक खरोखर वाट बघत होते ती उघडी पडली. त्यांना त्याच संध्याकाळी फोन गेले.

पाक विबिसोनो आले आणि बोर्ड बघून मटकन खुर्चीत बसले. “आता बिल्डरला काय सांगू मी?”

“बलुम सांगा,” गुंतुर पुटपुटला.

हसू सगळ्यांनाच फुटलं, पाकनाही आवरलं नाही. मग त्यांनी बिल्डरला फोन लावला, दोनदा घसा साफ केला आणि सरळ सांगितलं की मधलं घर मिळणार नाही. फोन ठेवून ते बोर्डाकडे वळले. “माझ्या ऑफिसात खरं काय आहे, ते मला आज कळतंय,” ते म्हणाले.

वेनिंगने तेवढ्यात एक नवीन कार्ड केलं. वेनिंग, पक्की नोकरी. बोर्डावर ते सगळ्यांना दिसत होतं.

“पाक, हे कुठे ठेवू?”

पाक विबिसोनोंनी चष्मा कपाळावर नेला नाही, काढून टेबलावरच ठेवला. त्यांनी तिच्याकडून माऊस घेतला. कार्ड बलुमवर आलं, तिथे थोडं रेंगाळलं आणि पुढे तिदाकमध्ये गेलं.

“या जागेचा बायकोच्या भाच्याला शब्द दिलाय,” ते खाली बघत म्हणाले. “तू यायच्याही आधीपासून.”

“मी दर महिन्याला विचारत होते, पाक.” तिला रडूही येत होतं आणि संतापही.

“म्हणून तर. नाही म्हटलं असतं तर तू विचारायची थांबली असतीस. आणि मग हा बोर्ड कुणी केला असता?”

वेनिंगने चकत्यांची पिशवी उचलली आणि बाहेर पडली. गुंतुर तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला.

शुक्रवारी सकाळी ती भाड्याच्या खोलीत बसून सामानाची आवराआवर करत होती. अर्ज दोन ठिकाणी टाकले होते, आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं. आपण चांगल्या मनाने केलेलं काम कुणीतरी फुकटात वापरून घेतलं, हे तिला राहून राहून डाचत होतं. फोन वाजला.

“आज विचारलं नाहीस ते?” म्बाह रुक्मी. मागे कढई चुरचुरत होती. लारसचा निरोप त्यांना आता जाणार नव्हता, वेनिंगनेच तो बंद केला होता.

वेनिंग बॅगेवर बसली. “सुप्रभात म्बाह. घर विकून झालं का?”

“बलुम,” म्बाह खुशीत म्हणाल्या. “आणि तुझी नोकरी? पक्की झाली का?”

तिने तोंड उघडलं. खरं उत्तर तयार होतं, तिच्याच हाताने केलेल्या रकान्यातलं.

“बलुम, म्बाह,” ती म्हणाली.

“बरं. मग पुढच्या शुक्रवारी विचारते.”