पाणी कमी बसलेलं पोलाद

ड्वेन प्रुइट रायफल घेऊन आला तेव्हा हार्लन स्कोगन दुसऱ्याच कुणाच्या तरी रायफलीच्या लाकडी दस्त्याला तेल चोळत बसला होता. सप्टेंबर संपत आला होता. जुडिथ डोंगरावर एल्क हरणांची शिकार सुरू व्हायला चार आठवडे उरले होते, आणि या दिवसांत हार्लनच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

"बोल्ट अडकतोय," ड्वेन म्हणाला. "गोळी उडवली की वर उचलताना जोर लावावा लागतो. तुम्हीच बांधलेली आहे, म्हटलं आधी तुम्हालाच दाखवू."

"घाण साचली असेल. तू साफ कधी करतोस, नाताळला?"

"बायको पण हेच म्हणाली."

हार्लन हसला. रिकामी पुंगळी आणलीस का, म्हणून त्याने विचारलं. ड्वेनने खिशातून तीन काढून दिल्या. हार्लनने एक खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुंगळी डोळ्यांजवळ धरून फिरवली. बुडापासून अर्ध्या बोटावर एक चकाकती बारीक रेघ सगळीकडून फिरली होती. पितळ तिथे ताणलं गेलं होतं. दुसऱ्या पुंगळीवरही तेच. तिसरीवर ती रेघ नखाला लागत होती.

त्याचं हसू गेलं. "ठेवून जा," तो म्हणाला. "आणि तोवर दुसरी कुठली वापर. हिच्यातून एकही गोळी उडवायची नाही."

हार्लन अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्यातली चाळीस वर्षं रायफली बांधण्यात गेली होती. नळी चांगली मिळते, लाकूड चांगलं मिळतं, पैसे टाकले की दोन्ही दारात येतं. खरा प्रश्न मधल्या सांगाड्याचा, ज्याला सगळे अॅक्शन म्हणतात. त्यात बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा पोलादी दट्ट्या, पुढेमागे सरकतो आणि त्याचा दांडा खाली दाबला की बोल्टच्या टोकाचे दोन कान सांगाड्याच्या आतल्या खाचांत अडकतात. काडतूस उडतं तेव्हा सगळा धक्का त्या दोन कानांवर येतो आणि मागे माणसाचं तोंड असतं. अॅक्शन कारखान्यातून येते, आणि कारखान्यात सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी बनलेला माल सारखा नसतो. कुठे तोंड तिरकं कापलेलं, कुठे दुर्बिणीच्या स्क्रूची भोकं एका ओळीत नाहीत, कुठे दोन कानांपैकी एकच टेकतो आणि दुसरा नुसता शोभेला. हार्लन दहांतल्या नऊ परत पाठवायचा. "हार्लनने पास केलेली" एवढं म्हटलं की पलीकडच्या दोन जिल्ह्यांत रायफल विकली जायची.

ड्वेन गेल्यावर त्याने रायफल उघडली. मापाचा पोलादी ठोकळा आत ठेवला. हा ठोकळा काडतुसापेक्षा थोडा लांब असतो, त्याच्यावर बोल्ट बंद होताच कामा नये. हार्लनने दांडा दाबला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला.

मग त्याने नळी काढली, दंतवैद्याचा आरसा आणि छोटा दिवा घेऊन आतल्या खाचा पाहिल्या. दोन्ही कानांचे ठसे पोलादात रुतलेले होते, मऊ मातीत अंगठे दाबावेत तसे. कोपऱ्यात कठीणपणा मोजायचं यंत्र होतं. त्याची टोकदार सुई त्याने सांगाड्याच्या बाहेरच्या अंगावर टेकवली. काटा बरोबर जागी आला. पुढच्या कड्याच्या आतल्या बाजूला, जिथे त्या खाचा असतात, टेकवली तेव्हा काटा अर्ध्यावरच थांबला. त्याने तीनदा करून पाहिलं. वरची साल कडक, आत पाणी बसलेलंच नाही, पोलाद मऊच राहिलेलं.

तो स्टुलावर बसून राहिला. दुकानाबाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, त्याने पाहिलं नाही.

ही अॅक्शन त्याला ओळखता येत होती. ऐंशी साली बिलिंग्सचं एक जुनं दुकान बंद पडलं, तेव्हा त्यांच्या गोदामात एका आता अस्तित्वात नसलेल्या कारखान्याच्या चाळीस अॅक्शन पडून होत्या. हार्लन तिथे दोन दिवस बसला होता. प्रत्येकीच्या कानांना निळी शाई लावायची, बोल्ट बंद करायचा, उघडायचा आणि शाई कुठे पुसली ते पाहायचं. बहुतेकांची एका बाजूची पुसायची. सातांची मात्र दोन्ही कानांवर सारखी पुसली, काठापासून काठापर्यंत. असं कधी दिसत नाही. त्या सात घेऊन तो घरी आला आणि वर्षभर ज्याला त्याला सांगत राहिला की अशा अॅक्शन पुन्हा पाहायला मिळायच्या नाहीत.

आता त्याच्या लक्षात आलं की त्या कानांचं टेकणं इतकं सारखं का होतं. माल बाहेर काढण्याआधी कारखान्यात नेहमीपेक्षा जास्त जोराचं एक काडतूस घालून रायफल तपासतात. चांगल्या पोलादात त्याने काही होत नाही. या सातांत पोलाद मऊ होतं, म्हणून त्या एका धक्क्यातच कान आत दबून बसले होते. त्याने ज्याला कारागिरी म्हटलं, ती कारागिरी नव्हतीच. चाळीसांतून त्याने नेमक्या सर्वांत वाईट सात निवडल्या होत्या.

दुपारच्या जेवणाला तो घरात गेला तेव्हा त्याची बायको नॉर्मा सूप वाढत होती. त्याने सांगितलं. तिने पळी खाली ठेवली.

"म्हणजे अजून सहा."

"हो."

"कुणाकुणाकडे आहेत?"

"गिऱ्हाइकांच्या कार्डांवर आहे सगळं."

"मग सूप थंड होऊ दे," नॉर्मा म्हणाली. "आधी फोन कर."

एक रायफल घराला आग लागली त्यात गेली होती. ग्रेट फॉल्सच्या डॉक्टरने लगेच पाठवतो म्हटलं, वर हार्लनचे आभार मानले, ते ऐकून हार्लनला जास्त वाईट वाटलं. गावातल्या दोघांनी स्वतः आणून दिल्या. त्यातला बर्टेल, दुधाच्या गाडीवरचा, तो काउंटरवर रायफल ठेवून म्हणाला, "तुझ्या अॅक्शनवर मी माझ्या बायकोपेक्षा जास्त भरवसा ठेवला, हार्लन."

"बायकोची तपासणी करून घे मग."

"तीच माझी करते रोज," बर्टेल म्हणाला, आणि कॉफी ओतून घेतली. जाताना मात्र दारात थांबून त्याने विचारलं, "एकोणीस वर्षं. माझा नातू पण हिच्यावर शिकला. तुला खरंच तेव्हा कळलं नाही?"

"नाही कळलं."

बर्टेलने मान हलवली आणि गेला. रागावला होता की नाही ते हार्लनला समजलं नाही.

एक अलास्काला गेली होती. मूळ मालकाने ती तिथल्या बंदुकांच्या मेळ्यात कुणाला तरी विकली, नाव माहीत नाही. उरली आर्डिस क्वालेची.

आर्डिसला त्याने फोन केला नाही. तो गाडी काढून बावीस मैल गेला.

आर्डिस साठीची, एकटी राहणारी, शाळेच्या बसवर तीस वर्षं काढलेली बाई. रायफल तिच्या मुलाची, केंटची. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत बर्फावरून पिकअप उलटली आणि केंट गेला, सव्वीस वर्षांचा. तोवर आर्डिसने कधी बंदूक हातात धरली नव्हती. त्या वर्षीच्या शरद ऋतूत ती केंटची रायफल घेऊन एकटीच डोंगरात गेली, आणि तेव्हापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. फ्रीजरमध्ये मांस असायचं ते तिने स्वतः मारलेलं.

तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, रूबार्बच्या गोड पाय-पेस्ट्रीचा तुकडा कापून पुढे ठेवला. हार्लनने खाल्ला नाही, त्यावरूनच तिला काहीतरी आहे हे कळलं. त्याने सगळं सांगितलं.

"पंधरा वर्षं उडवतेय मी," ती म्हणाली. "काही झालं नाही."

"तू वर्षाला किती गोळ्या उडवतेस?"

"चार. पाच."

"म्हणून झालं नाही."

"आणि झालं तर?"

"पुंगळी फाटेल. आतला जाळ मागे येईल, तोंडावर."

"कधी?"

हार्लनने खरं तेच सांगितलं. "माहीत नाही. पुढच्या गोळीला. किंवा कधीच नाही."

आर्डिस उठून सिंकपाशी गेली आणि उगाच एक कप विसळू लागली. "केंटने निवडली होती ती," ती पाठमोरीच म्हणाली. "तू त्याच्यापुढे तीन ठेवल्यास. शाई लावायला दिलीस. म्हणालास, कुठली घेशील. त्याने ही उचलली, आणि तू म्हणालास की या पोराला नजर आहे. घरी येऊन आठ दिवस तेच सांगत होता तो. नळ सोडला की तेच, जेवायला बसला की तेच. हार्लन म्हणाला मला नजर आहे." तिने कप पालथा घातला. "आता तू म्हणतोस त्याचं चुकलं."

"त्याचं नाही चुकलं."

"मग?"

"त्याला जे बघायला शिकवलं तेच त्याने बघितलं, आणि बरोबर बघितलं. तिघींत शाई सगळ्यात सारखी हिच्यावरच पुसली होती. शिकवणारा चुकला. मी जे चांगलं म्हणून दाखवत होतो तोच दोष होता, आणि ते मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षांपूर्वी मी कठीणपणाचं यंत्र घेतलं. तेव्हाच तुम्हा सगळ्यांना बोलवायला हवं होतं. या सातांबद्दल मला शंकाच आली नाही, इतका मी त्यांच्यावर खूश होतो."

आर्डिस आतल्या खोलीत गेली आणि रायफल घेऊन आली. बोल्ट मागे ओढून रिकामी असल्याची खात्री केली, मगच टेबलावर ठेवली. हार्लनने खिशातून मापाचा ठोकळा काढला, पण स्वतः हात लावला नाही. कसं ठेवायचं ते सांगून तो तिच्या हातात दिला.

"याच्यावर बोल्ट बंद व्हायला नको," तो म्हणाला.

आर्डिसने दांडा दाबला. तो खाली गेला. तिने उघडला आणि पुन्हा दाबला, या वेळी अगदी हलक्या बोटाने. तरी गेला.

ती खुर्चीवर बसली. "बरं," ती म्हणाली. "घेऊन जा. पण लाकूड तेच राहील. त्याने स्वतः घासलंय ते."

"लाकूड तेच. नळीसुद्धा तीच बसेल, आटे नवे पाडावे लागतील."

"आणि नवी अॅक्शन मी निवडणार."

हार्लनला वाटलं ती रागाने म्हणतेय. पण पुढच्या मंगळवारी सकाळी तिची गाडी दुकानासमोर उभी होती. त्याने दुसऱ्या एका कारखान्याच्या पाच मागवल्या होत्या. त्या बाकावर मांडून तो तिला एकेक गोष्ट दाखवत गेला. बोल्ट तिरका धरून आपल्या वजनाने सरकतो का ते बघ. तोंडावर ही पट्टी ठेव, खालून उजेड दिसतो का. स्क्रूच्या भोकांतून ही सळई घाल. आता शाई. आणि शाई काहीही सांगो, त्यानंतर यंत्र, आत आणि बाहेर दोन्हीकडे.

आर्डिस सावकाश काम करणारी बाई होती. दोन तासांत तिने चार बाजूला सारल्या. एकीत उजेड दिसला, एकीची भोकं वाकडी, दोघींचा एकच कान टेकत होता. पाचवीत दोन्ही कान टेकत होते, पण एक अर्धाच. यंत्राचा काटा आत आणि बाहेर एकाच जागी आला. तिने बोल्ट चारपाच वेळा मागेपुढे केला आणि तोंड वाकडं केलं.

"ही खरखरते. केंटची कशी रेशमासारखी जायची."

"आत हत्याराचे ओरखडे आहेत. मी घासून देईन, कान पण बसवून देईन. पण तितकी गुळगुळीत होणार नाही."

"पोलाद पक्कं आहे?"

"ते तू मोजलंस."

"मग हीच," आर्डिस म्हणाली.

हार्लनने ती रायफल बाकी सगळी कामं मागे ठेवून बांधली. दस्त्याच्या आतलं लाकूड नव्या सांगाड्यासाठी कोरावं लागलं, तेव्हा तो कानस सोडून पटाशीनेच काम करत राहिला आणि बाहेरच्या बाजूला, जिथे गाल टेकून टेकून अक्रोडाचं लाकूड काळं पडलं होतं, तिथे त्याने तेलाचं फडकंसुद्धा लावलं नाही. जुनी अॅक्शन त्याने आडवी कापून दोन तुकडे केली, म्हणजे पुन्हा कुणी वापरू नये. आर्डिस रायफल न्यायला आली तेव्हा ते तुकडे तिने मागून घेतले. का, ते त्याने विचारलं नाही.

दुकानामागच्या मातीच्या बांधावर तिने तीन गोळ्या उडवल्या. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती. पुंगळ्या हार्लनने उचलल्या, खिडकीपाशी नेल्या आणि फिरवून पाहिल्या. रेघ नव्हती. त्याने त्या तिच्याही हातात दिल्या. तिने तितकाच वेळ घेऊन पाहिल्या.

शिकारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुकानात आली आणि कागदात गुंडाळलेलं एल्कचं मांस काउंटरवर ठेवलं. दोनशे यार्डांवरून मादी मारली होती, एका गोळीत.

"बोल्ट कसा चालतो?" हार्लनने विचारलं.

"खरखरतो. गोळी उडवल्यावर दुसरी भरताना इतका आवाज झाला की डोंगरातल्या उरलेल्या सगळ्या एल्क पळाल्या असतील." तिने हातमोजे चढवले. "कण्याच्या आतल्या बाजूचं मऊ मांस आहे, नॉर्माला सांग फार शिजवू नको. आणि तो अलास्काचा माणूस सापडला का?"

"नाही अजून."

"शोधतोयस ना?"

"शोधतोय."

अलास्कातल्या तीन वर्तमानपत्रांत त्याने अॅक्शनचा नंबर देऊन सूचना छापली होती. हिवाळाभर दोन पत्रं आली, दोन्ही दुसऱ्याच रायफलींची. मार्चमध्ये मेळा भरवणाऱ्या माणसाच्या मुलीचा पत्ता मिळाला. तिला पत्र लिहायला हार्लन काउंटरवर बसला, नंबर कार्डावरून दोनदा ताडून पाहिला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की चूक माझी आहे, ज्याच्याकडे ही रायफल असेल त्याने ती कृपा करून उडवू नये.