काचेआडची देवदूती

“ही कुणासाठी?”

मित्रांनो, माझ्या कानांवर पडलेला हा पहिला आवाज. मार्गिट पाळणा हलवत विचारत होती. तिचा नवरा लोथार कातारी, म्हणजे लाकूड कातून खेळणी घडवणारा. माझ्या पंखांवरचा भुसा फुंकरीनं उडवत तो म्हणाला, “कुणासाठी म्हणजे? आत्ता जी घर डोक्यावर घेतेय ना, तिच्यासाठी.”

मी एक जुनी लाकडी देवदूती आहे. लिंडनच्या लाकडाची, दोन्ही हातांत मेणबत्तीची एकेक वाटी धरून उभी. आमच्या खाणींच्या एर्झ डोंगरात नाताळ जवळ आला की खिडक्याखिडक्यांतून दिवे उभे राहतात. घरात मुलगा असेल तर मेणबत्त्या धरलेला खाणकामगार, मुलगी असेल तर देवदूती. वाटेनं जाणारा नुसती खिडकी पाहून घरातली लेकरं मोजतो. मला पेटवताना मार्गिट गुणगुणायची,

दिवा एक लेकाचा गं, दिवा एक लेकीचा,
बर्फातून दिसतो गं, पत्ता माझ्या सुखाचा.

शेजारी थोरल्या लेकाचा, फाल्कचा खाणकामगार उभा असे आणि मी त्याच्या धाकट्या बहिणीची, आनेग्रेटची.

खाली लोथारचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं भेटीसाठी वस्तू उचलली की तो विचारायचा, “कुणासाठी?” उत्तर पटलं नाही तर वस्तू सरळ फळीवर परत. “सासऱ्यांचे दात दुखतात म्हणता, आणि त्यांना अक्रोड फोडणारा शिपाई नेताय? हा धुराचा बाहुला न्या. पोटात धूप पेटवला की तोंडातून धूर सोडतो. दातांचा प्रश्नच नाही!” लोक हसत, आणि त्यानं दिलेलंच घेऊन जात.

आनेग्रेट मोठी झाली, बाहुल्यांचे डोळे रंगवू लागली. पुढे मार्गिट गेली. घर मुकं झालं. आनेग्रेटला केमनित्झ शहरातल्या एका मोठ्या दुकानात नोकरी लागली. पहिल्या नाताळला ती घरी आली ती बापासाठी भेट घेऊन. कागद सुटला. आत धुराचा बाहुला! यंत्रावर निघालेला, कुठल्या तरी लांबच्या कारखान्यातला.

शेजारच्या हेम्पेलबाई नाताळच्या श्टोलन केकचा तुकडा तोंडात धरूनच ओरडल्या, “अगं बाई! लोथारच्या घरातलं लाकूड संपलं वाटतं! पुढच्या वर्षी बेकरीवाल्याला पाव दे हो!”

सगळे हसले. आनेग्रेटचा चेहरा लालबुंद झाला. लोथार एवढंच म्हणाला, “छान आहे.”

ती परत गेल्यावर त्यानं मला खिडकीतून उचललं, दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

मित्रांनो, काचेआडून सगळं दिसतं आणि काहीच करता येत नाही. तिथे वारा नाही, ज्योत नाही. माझ्या वाट्या कोरड्या पडल्या. बोटांवरचा रंग तडकला. कुणी काचेला नाक लावून विचारी, “ही केवढ्याला?” लोथार म्हणे, “विकायची नाही.” पुढे विचारणारेही कमी झाले. लोक शहरातून पिशव्या भरून आणत.

त्याच्या पुढच्या नाताळला आनेग्रेट आली होती. रस्त्यापलीकडे बर्फात उभी राहून तिनं वरची खिडकी पाहिली. तिथे एकटा खाणकामगार पेटला होता. ती तशीच माघारी वळली. मी इथे आहे, इथे! पण लाकडाला कुठला आवाज? लोथार तेव्हा मागे लेथवर होता.

आणखी एक गोष्ट फक्त मलाच दिसायची. संध्याकाळी दुकान बंद करून तो बाकाखालून तो शहरातला बाहुला काढी, त्यात धूप पेटवी आणि समोर बसून राही. मला फार राग यायचा. विकतच्या पोटात विस्तव, आणि मी कोरडी!

वर्षं गेली. यंदा दाराची घंटा वाजली. कानशिलं पांढरी झालेली आनेग्रेट आत आली.

“काय हवंय?” लोथारनं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

“भेटी घ्यायच्यात. इथूनच.” तिनं लाकडाच्या तासलेल्या छिलक्यांचं कुरळं झाड उचललं.

“कुणासाठी?”

“माझ्या घरमालकिणीसाठी.”

“मांजर आहे तिच्याकडे?”

“दोन आहेत.”

“मग हे नको. एका दिवसात भुसा करतील. ही चावी दिली की गाणारी पेटी ने. एकटी असते ना ती?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दोन मांजरं आहेत म्हणालीस.”

ती हसली. मग माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, “आणि ही?”

“कुणासाठी?”

“ते तुम्हीच सांगा, बाबा. या घरात मुलगी आहे की नाही?”

बाकाखालून त्यानं बाहुला काढून समोर ठेवला. त्याचं तोंड धुरानं काळं झालं होतं.

“हा अजून आहे? मला वाटलं, चुलीत गेला.”

“नाक वाकडं आहे त्याचं. रंग तर भिकारच.”

“दुकानात ढीग होता, बाबा. त्यात हाच एक तुमच्यासारखा डोळा बारीक करून बघत होता. म्हणून घेतला. सगळे हसले, मग सांगताच आलं नाही.”

लोथारनं किल्ली काढली. कुलूप गंजलेलं. ते निघेपर्यंत तुम्हाला एक सांगते. मित्रांनो, भेट घ्यायला जाल तेव्हा आधी आपल्या गल्लीतल्या दुकानात जा. तुम्हाला ‘कुणासाठी?’ असं विचारणारा माणूस जिथे असेल, तिथे थोडा वेळ रेंगाळा. आणि जिच्यावर माया आहे ती वस्तू कुलपात ठेवू नका. आम्ही जपून नाही, वापरून टिकतो.

कुलूप निघालं. थंड वारा अंगाला लागला आणि मी शहारले. लोथारनं मला वर नेऊन खाणकामगाराशेजारी उभं केलं. आनेग्रेटनं काडी ओढली. माझे दोन्ही हात उजळले.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग, तिच्याकडे न वळताच म्हणाला, “पहिल्या वर्षी रागानं काढली हिला. पुढच्या वर्षी लावणार होतो. पण ही पेटलेली दिसली की जो तो विचारणार, लेक कधी येतेय? आणि मला तेच माहीत नव्हतं गं.”