दिलेला फटका

माळीणबाईंनी पोलादी नळी गवतावर टेकवली, दोन्ही मुठींनी भार दिला आणि ती पिळत पिळत वीतभर खाली उतरवली. मातीचा गोळा अखंड वर आला. आता आत पांढरा डबा बसवायचा, झेंडा रोवायचा, की अठराव्या ग्रीनवरचा, त्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, आजचा होल तयार. तेवढ्यात गोल्फ क्लबचे कप्तान तरातरा चालत आले.

"बाई, पुन्हा इथंच?"

"कालच्यापासून चार पावलं बाजूला आहे, साहेब."

"चार पावलं! अहो, मागे उतार, उताराखाली वाळू. इथं कुणाचा चेंडू थांबणार? बुजवा हा, मध्यभागी पाडा. तासाभरात अंतिम सामना आहे. लोकांचं हसं करायचंय का?"

हसं कालच झालं होतं, आणि ते लोकांचं नव्हे, कप्तानांचं. उपांत्य फेरीत ग्रीनच्या खालच्या कडेवरून त्यांनी थेट झेंड्यावर नेम धरला होता. चेंडू झेंड्याशेजारून सुळकन वाळूत गेला, वाळूतून निघाला तो पार पलीकडे, आणि दोन फटक्यांचं काम पाचांत उरकलं. बाईंनी पाण्याचा पाइप गुंडाळता गुंडाळता सगळं पाहिलं होतं. आलेलं हसू मोठ्या कष्टाने गिळलं होतं.

"मध्यभागी पाडला तर या ग्रीनला काही अर्थच राहत नाही," त्या म्हणाल्या.

"ते मी ठरवतो. उद्यापासून होल कुठं पाडायचा, ते रोज सकाळी चिठ्ठीवर लिहून देत जाईन. तुम्ही आपलं गवत कापा."

बाईंची कानशिलं तापली. वीस वर्षं या मैदानावर सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. गवत किती कापायचं, पाणी कधी सोडायचं, अगदी डोक्यावर टोपी कुठल्या रंगाची घालायची तेसुद्धा. एक एवढासा होल काय तो त्यांच्या मर्जीचा. तोही गेला की नुसतं यंत्रामागे चालणं उरणार होतं.

"कालच्या तुमच्या जागेवरून चेंडू इथं दोन फटक्यांत जातो," त्या म्हणाल्या.

"कोण घालणार? तुम्ही?"

"मी."

कप्तानांना गंमत वाटली. "घाला. गेला तर तुमचं खरं. नाही गेला तर चिठ्ठी."

बाईंनी डबा बसवला, झेंडा रोवला. कप्तानांनी पुढे केलेली चकचकीत काठी मात्र घेतली नाही. शेडमधून स्वतःची आणली. कुणा सदस्याने रागाच्या भरात झाडावर आपटून वाकवलेली आणि बाईंनी पायाखाली धरून सरळ केलेली ती आखूड काठी. काम संपलं की शेडमागे त्या हिने रोज पंचवीस चेंडू बादलीत टाकत. लांब फटका त्यांना येत नव्हता आणि त्याचं दुःखही नव्हतं. लांब मारणारे शेवटी इथंच येऊन घाम पुसतात, हे त्या रोज बघत होत्या.

खालच्या कडेवर चेंडू ठेवून त्या भलतीकडेच, पार डावीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"झेंडा तिकडे आहे, बाई!"

"मीच लावलाय, साहेब."

छोटासा फटका. चेंडू मधल्या उंचवट्यावर चढला, दमला, थांबतो की काय असं वाटलं. मग उजवीकडे कलून सावकाश खाली येऊ लागला. वाळूपर्यंत जायची त्याच्यात ताकदच उरली नव्हती. होलाच्या अलीकडे दोन फुटांवर तो विसावला.

कप्तान चालत चेंडूपाशी आले. या खेळात एक रीत आहे. चेंडू होलाच्या अगदी जवळ आला की समोरचा 'दिला' म्हणतो, आणि उरलेला फटका न मारताच मारला असं धरतात.

"दिला," कप्तान म्हणाले. वाकून त्यांनी चेंडू उचलला आणि बाईंच्या हातावर ठेवला. "राहू दे होल इथंच. घेऊ चालवून."

बाई हातातल्या चेंडूकडे बघत राहिल्या. मूठ मिटली असती तर विषय तिथंच संपला असता. कप्तान मनाने वाईट नव्हते, उद्याही त्यांनी चालवून घेतलं असतं, परवाही. पण चालवून घेतलेलं बाईंना नको होतं. वीस वर्षं तेच तर मिळत आलं होतं.

त्यांनी झेंडा काढून आडवा ठेवला आणि चेंडू जिथून उचलला होता तिथंच परत ठेवला.

"अहो, दिला म्हटलं ना! उतार आहे. घसरला तर?"

"घसरला तर चिठ्ठी. दिलेला नको."

कुणी बघत असताना त्या आजवर कधी खेळल्या नव्हत्या. त्यांनी नेम होलाच्या बोटभर वर धरला आणि काठीच्या पात्याने चेंडूला हलकेच ढकललं. चेंडू काठावर आला, काठाने अर्धी चक्कर मारली आणि टपकन आत पडला.

कप्तानांनी डोकं खाजवलं. मग आडवा झेंडा उचलून ते होलात रोवायला वाकले.

"द्या इकडे, साहेब," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी झेंडा त्यांच्या हातातून काढून घेतला. "ते माझं काम आहे."