टेकडी दुसऱ्यांदा घेतली तेव्हा

मी कॅमेरा बोलतोय. तुमच्या फोनच्या पाठीला चिकटलेला नव्हे. चावीवर चालणारा, काळ्या धातूचा, चांगला पाच किलोंचा. पूर्वी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी बातम्यांची रिळं दाखवायचे, त्या बातमीपटांसाठी माझा जन्म झाला. एकदा चावी दिली की मी अर्धं मिनिट चालायचो, आणि तेवढ्यात मी पुष्कळ खोटं बोललोय.

माझे मालक श्रीनिवास टिपणीस. वय वर्षं एकशे एक, राहणार लंडनच्या एजवेअर भागात, मुलीकडे. मुलगी शैला, निवृत्त डॉक्टर. तिच्या दिवाणखान्यात मी वायफायच्या राउटरशेजारी असतो. येणारे-जाणारे मला बघून म्हणतात, "वॉव, व्हिंटेज!" आणि पासवर्ड विचारतात.

श्रीनिवासच्या हाती मी पडलो १९४४ साली, इटलीत. तो वीस वर्षांचा होता. कोल्हापूरच्या स्टुडिओत दिवे हलवण्याचा अनुभव एवढ्याच भांडवलावर तो हिंदी फौजेच्या फिल्म तुकडीत शिरला होता. मिशी नुकतीच फुटली होती, पण ऐट अशी की जणू जर्मनांना हाच परतवणार.

एका सकाळी मराठा पलटण एका टेकडीवर चढून गेली. वर जर्मन मशीनगन्स. आज्ञा होती की श्रीनिवासने मागोमाग जाऊन लढाई टिपावी. तो रस्त्यापर्यंत आला. पहिला गोळा शंभर पावलांवर पडला आणि श्रीनिवास रस्त्याखालच्या मोरीत शिरला. मी पेटीत, पेटी त्याच्या छातीवर. अख्खी लढाई मी त्याच्या काळजाच्या ठोक्यांत ऐकली.

त्या मोरीवरून एक माणूस तीनदा वर गेला. ज्ञानू शेलार, साताऱ्याकडचा, पलटणीचा स्वयंपाकी. खांद्यावर बांबू, बांबूच्या दोन टोकांना रॉकेलचे दोन डबे, डब्यांत चहा. हातात बंदूक नाही की काठी नाही. दुसऱ्या खेपेला तो मोरीच्या तोंडाशी वाकला.

"टिपणीस सायेब, वर या की! पोरं फोटूला थांबल्यात!"

श्रीनिवासने डोळे मिटून घेतले. माणसाला वाटतं, आपण डोळे मिटले की आपण दिसत नाही.

दुपारी टेकडी हाती आली. संध्याकाळी गोऱ्या मेजरसाहेबांनी विचारलं, फिल्म कुठे आहे? फिल्म नव्हती. फिल्म नाही म्हणजे लंडनच्या हिशेबी टेकडीही नव्हती. मेजरसाहेब चिडले नाहीत, अशा गोष्टींची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "मग उद्या पुन्हा घेऊ."

दुसऱ्या दिवशी, खरोखर लढलेले जवान मेल्यासारखे झोपले होते. म्हणून न्हावी, धोबी, मोची, दोन कारकून आणि ज्ञानू यांना बंदुका दिल्या आणि टेकडी दुसऱ्यांदा घेतली. श्रीनिवास आता निर्भयपणे उघड्यावर उभा होता. "जोरात ओरडा! तोंडावर राग आणा!" ज्ञानू सगळ्यांत पुढे. बंदूक त्याने पळी धरावी तशी धरली होती, पण चढायची सवय असल्यामुळे धावला मात्र झकास. मी अकरा सेकंद चाललो. ती अकरा सेकंदं इंग्लंडभर दाखवली गेली. त्यातलं एक चित्र वर्तमानपत्रांत आलं, खाली ओळ होती, 'शूर मराठा जवान'. श्रीनिवासला शाबासकीचं पत्र आलं. ज्ञानूला बंदूक परत करायला सांगितलं.

युद्ध संपल्यावर त्या पत्राच्या जोरावर श्रीनिवासला लंडनच्या एका बातमीपट कंपनीत नोकरी लागली. तिथे गोळे नव्हते, त्यामुळे त्याचं शौर्य फार खुललं. एका मंत्र्याने एकच झाड आमच्यासाठी चार वेळा लावलं. झाड मेलं, मंत्री टिकला. समुद्रकाठच्या सौंदर्यस्पर्धेत मुली थंडीने निळ्या पडल्या होत्या, आणि श्रीनिवास ओरडत होता, "हसा, उन्हाळा आहे!" एका महापौराने पुलाची फीत तीनदा कापली. तिसऱ्या वेळी फीत उरली नाही, तर बायकोचा स्कार्फ कापला. आमच्या कारकिर्दीत न शिकवता नीट वागली ती फक्त कुत्र्यांच्या प्रदर्शनातली कुत्री.

१९५६ साली एका मोठ्या जहाजाचं चित्रण करायला आम्ही साउथहॅम्प्टनच्या बंदरात गेलो. तिथे धक्क्यावर एक जण समोर येऊन उभा राहिला. ज्ञानू! जहाजावर स्वयंपाकी म्हणून आला होता आणि आता तिथेच खानावळ काढणार होता. दोघे भेटले, रडले. मग ज्ञानू हळूच म्हणाला, "सायेब, हितं लोकं मला त्या फोटूवरनं वळखत्यात. जवान म्हनत्यात. त्या दिवशी तुमी कुठं व्हता, ते मी इसरलो. माज्या खांद्यावर काय व्हतं, ते तुमी इसरा."

श्रीनिवासने त्याचा हात हातात घेतला. दोन भली माणसं, आणि सौदा असा की दोघांचंही खरं बुडालं.

दोघांनी शब्द पाळला. बातमीपट टीव्हीने गिळले, कंपनी बंद पडली, श्रीनिवास एजवेअरमध्ये लग्नांच्या फिल्म काढू लागला. तिकडे ज्ञानूच्या खानावळीचं रेस्टॉरंट झालं. दारातच तो फोटो, माणसाएवढा मोठा. १९९८ मध्ये ज्ञानू गेला, तेव्हा शवपेटीवर फुलांची बंदूक ठेवली होती म्हणे.

गेल्या वर्षी, युद्ध संपल्याला ऐंशी वर्षं झाली म्हणून साउथहॅम्प्टनच्या एका मराठी मंडळाने सोहळा ठरवला. ज्ञानूच्या फोटोला मानवंदना, आणि तो टिपणाऱ्या श्रीनिवासचा सत्कार. त्याच्या आठवडाभर आधी ज्ञानूची नात कस्तुरी एजवेअरला आली. तिशीतली, जन्म इंग्लंडातलाच, मराठी कामापुरतं.

"टिपणीस आजोबा, मी आर्मीची रेकॉर्ड मागवला," ती म्हणाली. "त्यात आजोबा कुक आहे. मग तो फोटो खरी आहे का?"

शैला चहा घेऊन येत होती, ती मध्येच थांबली. "बाबा दमलेत गं. नंतर कधीतरी बोलू या का?"

श्रीनिवास खरंच दमला होता. 'खरा आहे' एवढंच म्हणायचं होतं. एकशे एकाव्या वर्षी कोण उलटतपासणी घेणार? मी शेल्फवरून बघत होतो, आणि पैज लावली असती की हा पुन्हा मोरीत शिरणार.

"फोटो खोटा आहे," श्रीनिवास म्हणाला. आणि मग त्याने सगळं सांगितलं. टेकडी, डबे, तीन खेपा, मोरी. मोरी सांगताना आवाज गेला, म्हणून दोनदा सांगावी लागली. शैलाने ही गोष्ट बहात्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकली. ती ट्रे धरून उभीच राहिली.

कस्तुरीने तीन बोटं वर केली. "म्हणजे आजोबा गन नसताना वर गेले? थ्री टाइम्स?"

"हो."

"मग तुम्ही ते का नाही शूट केलं?"

"वर गोळ्या होत्या ना, बाळा," श्रीनिवास म्हणाला.

कस्तुरीने हे घरी आणि मंडळात सांगितलं होतं. सोहळ्याच्या दिवशी हॉलच्या दारातच तिचे वडील यतीन आडवे आले. सूट, टाय, चेहरा लाल. "काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगतोय, माझे वडील फ्रंटवर लढले. आता काय सांगू, चहा वाटत होते?"

पाठोपाठ मंडळाचा चिटणीस मिहीर आला. आयटीतला, उत्साही. "आजोबा, ते मोरीचं आपण स्किप करू या का? फॅमिली इव्हेंट आहे. दोन मिनिटं, इमोशनल, बस."

मला टेबलावर ठेवून झेंडूचा हार घातला. पडद्यावर ती अकरा सेकंदं झाली. टाळ्या पडल्या. श्रीनिवासने माइक घेतला आणि क्लिप पुन्हा लावायला सांगितली.

"हा न्हावी," तो पडद्याकडे बोट करून म्हणाला. "हा धोबी. हे दोघे कारकून. ही लढाई दुसऱ्या दिवशीची आहे, त्यामुळे त्यात कुणाला लागलं नाही. पुढे आहे तो ज्ञानू शेलार, स्वयंपाकी. खऱ्या लढाईत तो तीनदा चहा घेऊन वर गेला. आणि मी, तुमचा सत्कारमूर्ती, रस्त्याखालच्या मोरीत पडून होतो."

लोकांनी आधी मिहीरकडे पाहिलं. मग कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मिहीरने माइक काढून घेतला. "काय ह्यूमर आहे या वयात! जोरदार टाळ्या! मंडळी, जेवण तयार आहे!" आणि दीडशे माणसं पुरणपोळीकडे धावली. त्या धावण्यात मात्र कुणाला दिग्दर्शन करावं लागलं नाही.

श्रीनिवास स्टेजवर एकटा बसून राहिला. शैला त्याला उठवायला आली, त्याआधी यतीन आले. समोर उभे राहिले. मग एकदम विचारलं, "डबे केवढे होते?"

"रॉकेलचे. एवढे." श्रीनिवासने हातांनी दाखवलं.

"भरलेले?"

"काठोकाठ."

"चढावर?"

"चढावर."

रेस्टॉरंटमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला भरल्या डब्याचं वजन सांगावं लागत नाही. यतीन शेजारच्या खुर्चीत बसले आणि टाय सैल केला.

पुढच्या आठवड्यात कस्तुरीचा फोन आला. शैलाने स्पीकरवर टाकला. "बाबाने काल दोन डबे चहाने भरले," ती म्हणाली. "बांबू लावला आणि रेस्टॉरंटची जिना चढून बघितला. अर्ध्यात खाली बसला. सगळा चहा कार्पेटवर. मग खूप रडला. मी पहिल्यांदा बघितलं."

श्रीनिवासने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे टिपायला हवं होतं," तो म्हणाला, आणि चहा मागितला.

आता शैला मला एका संग्रहालयाला देणार आहे. माझी स्प्रिंग तुटली आहे, एका भिंगावर बुरशी चढली आहे, तेव्हा मी हरकत घेणार नाही. पेटी काचेची असेल एवढंच, पेटीत बसायची मला सवयच आहे म्हणा ना. फक्त एक विनंती. संग्रहालयवाले माझ्यापुढे चिठ्ठी लावतील, त्यावर 'लढाईत वापरलेला कॅमेरा' असं लिहू नका. 'लढाईच्या दुसऱ्या दिवशी वापरलेला' असं लिहा. जागा कमी पडली, तर 'कॅमेरा' हे माझं नाव गाळा, 'दुसऱ्या दिवशी' मात्र राहू द्या.