एल्टरहोमचा दहावा लॉर्ड

माझा भाऊ ऑब्रे हा एल्टरहोमचा नववा लॉर्ड. आयुष्यभर त्याने गावोगाव फिरून शेतकऱ्यांना बियाणं विकलं. आमचं मोठं घर आजोबांच्या काळातच हातचं गेलं होतं. तिथे आता हॉटेल आहे. ऑब्रे एकदा तिथे जेवायला गेला, तर दारातल्या मुलीने त्याला ‘एल्टरहोम’चं स्पेलिंग विचारलं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो गेला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे मागे मूलबाळ कोणी नाही. जायच्या आधी चार दिवस हॉस्पिटलमध्ये त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “हेस्टर, ही पदवी कुणाच्या तरी हवाली कर. असं वाऱ्यावर सोडू नकोस.” मी बरं म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

आमची पदवी फक्त मुलग्यांच्या वाटेने चालते. वडिलांचं आजारपण मी काढलं, ऑब्रेचंही मीच काढलं, कागदांच्या पेट्या तीन घरं बदलताना मीच उचलल्या, पण त्या हिशेबात मी कुठे नव्हतेच. तरुणपणी हे मला फार लागायचं. बहात्तराव्या वर्षी दुखायला गुडघे पुरतात.

पेट्या उघडून बसले. पहिल्या लॉर्डला सतराशे नऊ साली पदवी मिळाली, ती योग्य वेळी योग्य मंत्र्याच्या बाजूला उभं राहिल्याबद्दल. दुसऱ्याने ओढ्याचा प्रवाह वळवायच्या नादात अर्धं गाव चिखलात घातलं. तिसरा स्वतःच्या आईशी अकरा वर्षं कोर्टात भांडला. चौथा घोड्यांना इतका भ्यायचा, की सगळीकडे पायी जायचा, आणि माझ्या मते या सगळ्यांत शहाणा तोच. पाचव्याला सात मुलगे. त्यांतल्या सहा जणांच्या शाखा युद्धं, ताप आणि मुलीच मुली यांत संपल्या होत्या. सातवा सेप्टिमस. त्याने ग्रिम्सबीच्या बंदरातल्या हॅना ब्लो नावाच्या मासेवालीशी घरोबा केला आणि बापाने त्याचं नाव टाकलं. त्या वंशातला एकच पुरुष उरला होता. ग्रिम्सबीतच.

क्लिफर्ड गार्थवेट, आमच्याच आडनावाचा, वय अडुसष्ट. चाळीस वर्षं गोदीवर मासे साफ करून निवृत्त झालेला. मी पत्र लिहिलं, तर त्याला वाटलं कुणीतरी फसवतंय. दुसऱ्या पत्रानंतर त्याच्या बायकोचा, डोरीनचा, फोन आला आणि मी गाडीने तीन तासांवर त्यांच्या घरी गेले. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. गारठ्यात काम करून बोटांचे सांधे सुजलेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “याचं मिळतं काय?”

“काही नाही,” मी म्हटलं. “पाकिटावर नाव लांबतं.”

तो हसला. मला वाटलं, हा नकोच म्हणणार. पण मी निघताना फाटकापर्यंत आला. त्याच्या वडिलांना गोदीवर सगळे ‘लॉर्डसाहेब’ म्हणून चिडवायचे, असं त्याने सांगितलं. घरात सेप्टिमसची गोष्ट चालत आलेली, वडिलांनी ती एकदा दारू पिऊन सांगितली आणि मग मरेपर्यंत तो शब्द त्यांना चिकटला. “ते खरं होतं एवढं कागदावर आलं, तर बरं वाटेल,” तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “घाई नाही म्हणा.”

दावा सिद्ध करायचा म्हणजे पिढीमागून पिढीचे जन्म आणि लग्नं सरकारी कचेरीपुढे मांडायची. क्लिफर्डपासून त्याच्या आजोबांपर्यंतचं लगेच जमलं. सेप्टिमस आणि हॅनाच्या लग्नाचा दाखलाही मिळाला, एप्रिल अठराशे अडुसष्टचा. अडलं ते त्यांच्या मुलावर, वॉल्टरवर. हा क्लिफर्डचा पणजोबा. त्याचा जन्म कुठेच नोंदलेला सापडेना. गार्थवेट आडनावाच्या सगळ्या नोंदी मी चाळल्या. सव्वा वर्ष गेलं. डोळ्यांना नवा चष्मा लागला. दर महिन्याला डोरीन विचारायची, आणि दर महिन्याला मी ‘बघतेय’ म्हणायची. शेवटी एका दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, हॅनाच्या माहेरच्या, ब्लो या नावाखाली शोधलं. पहिल्याच पानावर वॉल्टर होता. जन्म जानेवारी अठराशे अडुसष्ट. बापाच्या नावाची जागा कोरी.

लग्नाआधी तीन महिने. आईबापांनी नंतर लग्न केलं तरी अशा मुलाला पदवी जात नाही. वॉल्टरच्या पाठीवर दोन बहिणीच. म्हणजे ऑब्रेबरोबर सगळं संपलं होतं आणि मी सव्वा वर्ष एका नसलेल्या माणसासाठी खपले होते.

मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकून आठवडाभर तसाच ठेवला. नोंद सापडली नाही असं लिहून, जुन्या पत्रांच्या आधारावर दावा पुढे रेटता आला असता. मला दुसरं काही नको होतं, फक्त संपवायचं होतं. मग गाडी काढली आणि ग्रिम्सबीला गेले.

डोरीनने भाजलेला हॅडॉक मासा आणि बटाटे वाढले होते. जेवण झाल्यावर मी दोन्ही दाखले टेबलावर ठेवले आणि सांगितलं. क्लिफर्डने तारखा दोनदा वाचल्या.

डोरीन म्हणाली, “तीन महिन्यांनी काय बिघडतं? दीडशे वर्षं झाली. कुणाला कळणारे?”

“कुणालाच नाही,” मी म्हटलं. “हा कागद नाही दिला, तर कदाचित निभावेल. तुम्ही म्हणाल तसं करते. मला आता ठरवायचं त्राण नाही.”

क्लिफर्डने मला विचारलं, लग्नानंतर हॅनाचं काय झालं. मी जे सापडलं होतं ते सांगितलं. सेप्टिमस चार वर्षांत वारला. ती तीन मुलं घेऊन त्याच बंदरात मासे विकत राहिली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही म्हणून वॉल्टरने फुली मारली होती.

“आणि आपण काय दाखवायचं, की वॉल्टर जन्मलाच नाही?” तो म्हणाला. “नको, हेस्टर. राहू दे.”

त्याने दाखले नीट एकावर एक ठेवून माझ्याकडे सरकवले. मग उठून भांडी घासायला लागला, पाठ आमच्याकडे. खांदे पडले होते. डोरीनने टॉवेल घेतला आणि त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मला वाटलं होतं की माझ्या मनावरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, फक्त आणखी ढकलायचं नव्हतं इतकंच.

मी कचेरीला कळवलं की दावा करणारं कोणी नाही. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्यातही ऑब्रेच्या नावात एक अक्षर चुकलेलं.

ऑक्टोबरात ऑब्रेच्या थडग्यावर दगड बसवला. मी क्लिफर्डला सहज कळवलं होतं, तर तो आणि डोरीन दोनदा बस बदलून आले. समारंभ असा नव्हताच. पाद्री, दगड बसवणारे दोघे आणि आम्ही. नंतर क्लिफर्ड चर्चच्या भिंतीवरची आठ नावं वाचत उभा राहिला आणि मी प्रत्येकाचं काय ते सांगत गेले. चौथा त्यालाही आवडला.

“बाकीचे कसले गं हे,” तो म्हणाला, आणि बाकावर बसला. मीही शेजारी बसले. त्याने मला पहिल्यांदाच ‘गं’ म्हटलं होतं.

परतीच्या बसला अवकाश होता. मी म्हटलं, चला, मी सोडते. डोरीनने माझ्याकडे पाहिलं, किल्ली माझ्या हातातून घेतली, मला मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडी चालवायला बसली. गाव संपायच्या आत मला झोप लागली.