देवकाबाईंच्या पाटलीला चिकटलेली सिद्धशिळा

देवळी गावात गर्दी जमायला तसं कारण लागत नाही. पण त्या आठवड्यात कारणही होतं. अण्णाजींच्या घरचं कपाट बंद झालं होतं.

कपाटं जगात रोज बंद होतात आणि त्यासाठी कुणी नारळ फोडत नाही. हे कपाट मात्र महाराजांनी बंद केलं होतं. त्यामुळे अंगणात चपलांचा ढीग होता, ओसरीत बायकांची रांग होती आणि एक गृहस्थ सकाळी किक घेत नसलेल्या मोटारसायकलची किल्ली कपाटाला लावून न्यायला आले होते. शेजारचे बबनराव गर्दीला वळण लावत होते.

"दाराले हात नका लावू, बंधन हाये! ज्याले लयच वाटून राह्यलं त्यानं बाजूच्या भिंतीले लावा. भिंतीतूनबी करंट येते."

लोक भिंतीला हात लावत. करंट येत असे.

काजल हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. या सगळ्याचं मूळ तीच आहे, असं ठरलेलं होतं.

काजल दिवाळीनंतर अण्णाजींची सून म्हणून या घरात आली. सेवाग्रामच्या दवाखान्यात ती रक्त तपासायची. सकाळच्या बसने जायची, संध्याकाळी यायची. घर जुनं, शहाबादी फरशीचं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून सासूचं, देवकाबाईंचं, आंदणातलं सागवानी कपाट. त्याच्या दाराची पकड झिजून गेली होती, दार केवळ सवयीने मिटलेलं राहायचं. आणि काजल कपाटाजवळून गेली की ते कर्र करून उघडायचं. नवरा आदेश गेला, काही नाही. देवकाबाई गेल्या, काही नाही. सून गेली की कर्र.

आधी सगळे हसले. मग मिक्सर जळाला. मग म्हैस आटली. मग अण्णाजी सोसायटीच्या निवडणुकीत पडले. याआधीच्याही निवडणुकांत ते पडलेच होते, पण तेव्हा घरात सून नसल्यामुळे कारण शोधायचं राहून गेलं होतं.

"पोरीचा पायगुण पाहून घ्या, अण्णाजी," बबनराव म्हणाले आणि कैलासनाथ महाराज नालवाले यांना घेऊन आले.

महाराजांनी कपाटाला कान लावला, नाडी पाहिली आणि निदान केलं. "अतृप्त हाये. बाई हाये. साडी मागून राह्यली."

"कोणती?" देवकाबाईंनी घाबरून विचारलं. आत त्यांची पैठणी होती.

"ते ती ठरवीन. पह्यले बंधन करू." महाराजांनी झोळीतून काळ्या घोड्याची नाल काढून दारावर ठोकली. मग लाल फडक्यात बांधलेला एक जड, गोल दगड काढला. "ही सिद्धशिळा. गिरनारच्या गुहेतली. हिले माणूस समजते. खरं-खोटं समजते."

काजलने एक नजर टाकली. "महाराज, चुंबक हाये न हा?"

महाराज हसले. असं हसू फार सरावाने येतं.

"शिकेल सून हाये. बरं, बाई, चुंबक कायले चिकटते?"

"लोखंडाले."

"सोन्याले?"

"नाई."

महाराजांनी शिळा काजलच्या मंगळसूत्राजवळ नेली. काहीच झालं नाही. मग देवकाबाईंच्या हाताजवळ नेली. शिळेने झेप घेतली आणि देवकाबाईंच्या उजव्या पाटलीला टक्कन चिकटली.

"सोन्याले चिकटली! आता सांगा, हा चुंबक कसा? सासू सात्त्विक, शिळेनं वळखली. सून..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अर्धवट वाक्य गावात जास्त दूर जातं.

बायकांनी देवकाबाईंना नमस्कार केला. देवकाबाईंना एवढा मान लग्नातही मिळाला नव्हता. आदेश काही बोलायला गेला, पण आईला लोक पाया पडताना पाहून तोंड मिटून बसला. काजलने मात्र सासूच्या पाटलीकडे पाहिलं आणि मग सासऱ्यांकडे. अण्णाजी पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

तिला कळलं. अण्णाजींनी पाटल्या उजाळ्याला नेल्या होत्या, निवडणुकीच्या आधी. पण ते बोलायचं कसं? नव्या सुनेने उठून सासूला सांगायचं का, की आई, तुमच्या हातात लोखंड आहे?

महाराजांनी शिळा चौकटीवर घट्ट बसवली. दार नालेसकट तिला धाडकन जाऊन चिकटलं. काजलला भिंतीच्या कडेने चालायला लावलं. दार हललं नाही. जयजयकार झाला. मग महाराजांनी कपाटावर मंतरलेल्या पाण्याचा पेला ठेवला आणि निकाल दिला: होळी पेटेपर्यंत सुनेने माहेरी राहायचं, आणि दवाखान्याची नोकरी सोडायची. "रक्ताच्या वासानं येते ते. एका रोजी मी येऊन सोताच सुनेले माहेरी वाटी लावतो."

रविवार ठरला. अडचण एकच होती. कपाट आता उघडतच नव्हतं.

दाराची लाकडी मूठ ओढता ओढता आदेशच्या हातात आली. आत काजलच्या साड्या, आदेशच्या पँटी आणि अण्णाजींची सगळी धोतरं. महाराजांना फोन केला तर ते म्हणाले, "जबरीनं उघडलं तर ती सुटीन." त्यामुळे अण्णाजी सोसायटीच्या सभेला मुलाचा टी-शर्ट आणि हाफपँट घालून गेले. टी-शर्टवर कवटीचं चित्र होतं. सभेत त्यांचं बोलणं पहिल्यांदाच कुणी मध्ये तोडलं नाही.

त्याच वेळी घरी काजल एकटी होती. ती भिंतीच्या कडेने गेली आणि थबकली. कपाटावरच्या पेल्यातलं पाणी शहारलं होतं.

ती मागे आली. पुन्हा गेली. पाणी पुन्हा शहारलं. मग तिने जे लग्नापासून केलं नव्हतं ते केलं. अण्णाजींच्या आरामखुर्चीच्या समोरून, खोलीच्या मधोमध चालत गेली. पाणी गप्प.

आल्या दिवशीच देवकाबाईंनी तिला सांगितलं होतं: "सासऱ्याच्या समोरून जात जाऊ नको. खुर्चीमागून, भिंतीच्या कडेनं जाजो." घरात ही रीत फक्त सुनेला होती. बाकी सगळे टीव्ही आणि अण्णाजी यांच्या मधून जात आणि अण्णाजींच्या शिव्या खात. भिंतीकडची फरशी हलकी डुगडुगत होती, आणि कपाटाचा पुढचा पाय तिच्यावरच उभा होता.

काजल त्या फरशीवर बसून एकटीच हसली. हडळ सापडली होती. आता ती लोकांना दाखवायची होती, तेही पाटलीचं नाव न घेता.

रविवारी महाराज सुनेला माहेरी धाडायला आले. निम्मी देवळी हजर होती. काजलच्या पिशवीत दवाखान्याचे दोन एप्रन आणि एक टॉवेल एवढंच होतं. बाकी संसार हडळीच्या ताब्यात होता.

"मामाजी," ती अण्णाजींना म्हणाली, "जायच्या आधी एक मागू काय? खुर्चीमागून, भिंतीच्या कडेनं एकदा चालून दाखवा."

"मी काऊन?"

"पाया पडते तुमच्या."

आणि तिने स्वयंपाकघरातला सराटा, म्हणजे लोखंडी उलथणं, आणून दाराच्या फटीत घातला. बबनराव ओरडेपर्यंत दार उघडलं होतं. चौकटीवरच्या शिळेने सराटा हिसकावून घेतला, तिचं फडकं टरकन फाटलं आणि शिळा सराट्यासकट फरशीवर पडली. काजलने दार अलगद मिटवलं.

"चाला, मामाजी."

कवटीच्या टी-शर्टातले अण्णाजी भिंतीच्या कडेने चालले. कर्र.

"अगागा!" मागून कुणीतरी म्हणालं. "अण्णाजीचाच पायगुण!"

"बबनराव, आता तुम्ही."

कर्र. बबनरावांच्या वजनाला दार भिंतीवर आपटलं. मग सगळ्यांनाच चालून बघायचं होतं. पुन्हा रांग लागली. दार देवळीतल्या एकूण एक माणसाला उघडत होतं, जातपात पाहत नव्हतं. शेवटी अंगणातली बकरी शिरली. तिलाही उघडलं.

"फरशी डुगडुगते," काजल म्हणाली. "कपाटाचा पाय तिच्यावर हाये. पाय पडला का कपाट पुढं झुकते अन् दार सुटते. तिथून मी एकटीच जाते, कारण मले मधून जायची मनाई हाये."

तेवढ्यात मंडपवाला धीरज खाली वाकला. फडक्यातून निघालेला काळा गोल त्याने उलटा केला. मागे भोंग्याच्या काळ्या कागदाची फाटकी झालर चिकटली होती.

"हा तं माह्या डीजेच्या डब्यातला चुंबक हाये! गणपतीपासून धुंडून राह्यलो मी!"

महाराज मुरलेले होते. त्यांनी हात वर केला. "फरशी हालली, मान्य. पण हालवलं कोणं? अन् चुंबक म्हणता? मग सोन्याले कसा चिकटला? सगळ्यायनं पाह्यलं! देवकाबाई, दाखवा हात!"

गर्दी पुन्हा महाराजांकडे वळली. खरंच की. सगळ्यांनी पाहिलं होतं. देवकाबाईंनी हात पुढे केला.

काजलकडे उत्तर होतं. तिने पिशवी उचलली आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

अण्णाजींनी पंख्याकडे पाहिलं. आज पंखा चालू होता, पण लपायला तोही पुरला नाही.

"चुंबकच हाये तो," ते म्हणाले.

"काय म्हणता?" महाराज म्हणाले.

"पाटली सोन्याची नाई. लोखंडावर मुलामा हाये. खऱ्या... निवडणुकीत गेल्या."

देवकाबाईंनी स्वतःच शिळा उचलली. उजव्या पाटलीला लावली, टक्. डावीला लावली, टक्. मग नवऱ्याकडे नाही, सुनेकडे वळल्या.

"तुले मालूम होतं?"

काजलने मान हलवून हो म्हटलं.

"अन् तरी चालली होती?" देवकाबाईंनी पदराने नाक पुसलं. "काजल, थे पिशवी आत ठेव. अन् ह्यायची भर," त्या अण्णाजींकडे बोट दाखवून म्हणाल्या.

गर्दीला या निकालात कोणतीही अतृप्त बाई आठवली नाही. आदेशने उशिरा का होईना कंठ फुटल्यासारखा जादूटोणाविरोधी कायद्याचा उच्चार केला, तोवर महाराज पुलगावच्या बसमध्ये बसलेले होते. नाल मात्र दारावर राहिली.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना मुकेशच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. मुकेशने काउंटरवर कपाटाचे चुंबक मांडले. "हा घ्या, डबल पावर. याले बैल बांधला तरी सुटत नाई."

"बैल नाई बांधायचा," देवकाबाई म्हणाल्या. "लुगडी ठेवायची हायेत."

काजलने मधला निवडला. जुन्या घरातलं दार पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. चुंबक फार जोराचा घेतला तर मूठ हातात येते, फार हलका घेतला तर दार पुन्हा कुणाच्याही पायगुणावर उघडतं. आधी फरशीखाली वाळू-सिमेंट भरून कपाट पक्कं उभं करायचं. मग चुंबक चौकटीला, लोखंडी पत्री दाराला, आणि पत्रीचा स्क्रू थोडा ढिला, म्हणजे ती स्वतःच नीट टेकते. बंद दारात अडकवलेला कागद ओढल्यावर अडला पाहिजे, आणि दार म्हाताऱ्या माणसाच्या दोन बोटांनी उघडलं पाहिजे. एवढं ज्ञान मुकेशकडे दोन स्क्रूंसकट मिळतं. त्याला गिरनारला जावं लागत नाही.

तुमच्याही घरात काही कर्र वाजलं, तर सुनेच्या पायांकडे बघण्याआधी पायांखालच्या फरशीकडे बघा. सगळ्यांना तिथून चालायला लावा, पुरुषांनाही. आणि कुणी म्हणालं की दगड सोन्याला चिकटला, तर दगडाला नमस्कार करण्याआधी सोनं तपासा.

आता काजल सकाळची बस गाठायला खोलीच्या मधोमध चालत जाते, टीव्हीच्या समोरून. अण्णाजी शिव्या देत नाहीत. ते आपली आरामखुर्चीच मागे सरकवून घेतात, अगदी भिंतीपर्यंत.

तिथली फरशी आता हलत नाही.