दोनशे चौदावं पान

टेबलावर एकशे तेरा कार्डं होती. ‘मोह’ची बेचाळीस, ‘ओढ’ची सत्तावीस, ‘भुरळ’ची एकोणीस, ‘आमिष’ची चौदा आणि ‘लालूच’ची अकरा. शब्दकोशाच्या कचेरीत चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या मुलीने त्यातलं ‘भुरळ’चं एक कार्ड उचललं आणि ज्या पुस्तकातलं वाक्य त्यावर उतरवलं होतं, त्या पुस्तकाशेजारी तिसऱ्यांदा धरलं. कार्डावर पान क्रमांक होता २१४. पुस्तक १९६व्या पानावर संपत होतं.

तीन छापील पुस्तकांतली तीन वाक्यं हाती आली तरच एखादा अर्थ कोशात जाई. ‘वाईट आहे हे ठाऊक असूनही वाटणारं आकर्षण’ हा ‘भुरळ’चा अर्थ या तिसऱ्या कार्डावर उभा होता. अक्षर पलीकडच्या टेबलावरच्या काकांचं.

“झालं का गं? सगळी पापं आज तुझ्याच टेबलावर येऊन बसलीत,” काका पलीकडून म्हणाले. एकतीस वर्षं कार्डं लिहून ते शनिवारी निवृत्त होणार होते. हे काम तिला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

संपादकबाई दारातून डोकावल्या.

“साडेपाचला गठ्ठा छापखान्यात जाणार. तपासल्याची सही तुझी. काही अडलंय?”

तिने अंगठा सरकवून पान क्रमांक झाकला.

“एक कार्ड बघतेय, बाई.”

“बघ. पण ऐन वेळी घोळ नको.”

बाई गेल्यावर ती पुस्तक घेऊन काकांपाशी गेली. शेवटचं पान उघडून कार्ड त्यावर ठेवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही.

“आवृत्ती वेगळी असेल.”

“एकच आवृत्ती निघालीय, काका. अख्खं पुस्तक वाचलं मी कालपासून. हे वाक्य त्यात नाहीये.”

पंख्याच्या वाऱ्याने कार्ड फडफडलं. काकांनी त्यावर बोट दाबलं.

“बोलताना लोक या अर्थाने सर्रास म्हणायचे गं. दोन कार्डं मिळाली होती. तिसऱ्यासाठी आठ महिने कपाटं पालथी घातली. शेवटी मीच लिहिलं वाक्य.” ते हसायला गेले, जमलं नाही. “बाईंना कळलं, तर शनिवारी कुणी तोंड बघायचं नाही माझं.”

“अजून किती आहेत अशी?”

“हे एकच. तुझी शपथ.”

तिने त्यांच्या बोटाखालून कार्ड काढून घेतलं.

“मग? करतेस ना सही?”

“चार वाजलेत, काका. दीड तास आहे अजून.”

तिने एकशे तेरांतून काकांच्या अक्षरातली कार्डं वेगळी काढली. अडतीस निघाली. मग कपाटापाशी स्टूल ओढून ती एकेक पुस्तक खाली उतरवू लागली. काका खुर्चीतून उठले नाहीत. एकदाच म्हणाले, “चहा तरी घे.” तिला ऐकू आलं, पण तिने पान उलटलं.

साडेपाचला अडतीसही कार्डं पुस्तकांशी ताडून झाली. एकोणतीस जुळली. नऊ जुळली नाहीत.